जोडीदाराचा ठावठिकाणा नसेल तर घटस्फोट कसा मिळतो?

परस्परसंमतीने घटस्फोट घ्यायचा तर अर्जावर दोघांच्या सह्या लागतात. एकाने मागितला आणि दुसऱ्याने विरोध केला, तरी निदान दोघे न्यायालयात समोरासमोर उभे असतात. परंतु पती किंवा पत्नी घर सोडून निघून गेली, फोन बंद झाला, सासरमाहेरच्यांनी हात वर केले आणि नोटीस पाठवायला पत्ताच उरला नाही, तर काय करायचे, हा प्रश्न वकिलांच्या कार्यालयांत वारंवार विचारला जातो. त्याविषयी दोन समज रूढ आहेत. समोरचा माणूस हजर झाल्याशिवाय न्यायालय काही करूच शकत नाही, हा एक. सात वर्षे उलटली की लग्न आपोआप मोडते, हा दुसरा. दोन्ही चुकीचे आहेत आणि दोन्हींमुळे माणसांची उमेदीची वर्षे वाया जातात.

अहमदनगर जिल्ह्याला (२०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर) हा प्रश्न नवा नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून दरवर्षी ऊसतोडीसाठी कुटुंबे बाहेर पडतात. पारनेर, अकोले, संगमनेरमधून माणसे कामासाठी मुंबई-पुण्याकडे जातात. गेलेला माणूस कधी परततो, कधी पैसे पाठवतो, तर कधी हळूहळू दिसेनासा होतो. मागे राहिलेल्या स्त्रीला बोलीभाषेत ‘टाकलेली’ म्हणतात आणि सरकारी कागदात ‘परित्यक्ता’. या स्त्रियांचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आणण्याचे श्रेय याच जिल्ह्याकडे जाते. समता आंदोलनाने १९८८ मध्ये संगमनेर येथे परित्यक्ता स्त्रियांची परिषद भरवली. त्या चळवळीतील संगमनेरच्या वकील निशा शिवूरकर यांनी पुढे ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ या पुस्तकात हा प्रवास नोंदवला. विधवेला निदान तिची स्थिती ठाऊक असते आणि घटस्फोटितेच्या हाती हुकूमनामा असतो. टाकलेली स्त्री मात्र कागदावर विवाहित आणि व्यवहारात एकटी, अशा अधांतरी अवस्थेत राहते. बेपत्ता पत्नीची वाट पाहणाऱ्या पुरुषाचीही कायद्याच्या दृष्टीने तीच अवस्था असते.

‘सोडून गेला’ आणि ‘नाहीसा झाला’

हिंदू विवाह कायदा, १९५५ (तो बौद्ध, जैन व शीख यांनाही लागू आहे) या दोन गोष्टींमध्ये स्पष्ट फरक करतो. कोणता अर्ज करायचा, हे त्या फरकावरच ठरते.

जोडीदाराने सबळ कारणाशिवाय आणि आपल्या संमतीविना आपला त्याग केला असेल आणि अर्ज दाखल करण्याच्या लगतपूर्वी तो त्याग सलग किमान दोन वर्षे टिकला असेल, तर कलम १३ (१) (आयबी) नुसार घटस्फोट मागता येतो. येथे तो माणूस हयात आहे, हे गृहीतच असते. किंबहुना तो कोठेतरी दुसऱ्या स्त्रीबरोबर राहतो, अशी कुणकुणही असू शकते. फक्त नेमका पत्ता हाती नसतो. नगर जिल्ह्यासारख्या स्थलांतराच्या पट्ट्यात बहुसंख्य प्रकरणे या प्रकारात बसण्याजोगी असतात. मात्र सात वर्षांचा समज इतका पक्का रुजलेला आहे की, दोन वर्षांनी ज्या दारावर थाप मारता आली असती, तेथे माणसे पाच वर्षे उशिरा पोहोचतात.

दुसरे कारण कलम १३ (१) (सात) चे. जोडीदार हयात असता तर ज्यांना स्वाभाविकपणे त्याची वार्ता कळली असती, अशा व्यक्तींना सात वर्षे किंवा अधिक काळ तो जिवंत असल्याचे कळलेले नाही, हे येथे दाखवावे लागते. आईवडील, भावंडे, मुले, जवळचे मित्र, कामाच्या ठिकाणचे सहकारी यांचा त्यात समावेश होतो. केवळ पत्नीला वार्ता नाही, एवढे पुरत नाही. गावच्या जत्रेला तो येऊन गेला, भावाच्या लग्नात दिसला, बहिणीला दिवाळीत फोन केला, यांपैकी एक गोष्ट जरी पुढे आली तरी हे कारण कोसळते. गंमत अशी की, त्याच पुराव्याने त्यागाचे कारण अधिक बळकट होते. म्हणून दोन्ही कारणे पर्यायी म्हणून एकाच अर्जात मांडण्याचा सल्ला वकील अनेकदा देतात.

त्यागाच्या कारणाचा इतिहास आपल्या प्रांताशी जोडलेला आहे. देशपातळीवरील कायदा होण्याच्या आठ वर्षे आधी, १९४७ मध्ये, तत्कालीन मुंबई प्रांताने हिंदूंसाठी स्वतंत्र घटस्फोट कायदा केला आणि त्यात चार वर्षांचा त्याग हे कारण ठेवले. नगर जिल्हा तेव्हा त्या प्रांतात असल्याने येथील लोकांनाही तो लागू होता. १९५५ च्या केंद्रीय कायद्यात मात्र त्यागामुळे केवळ न्यायिक विभक्तता मिळे. त्यावरून थेट घटस्फोट मिळण्यासाठी १९७६ ची दुरुस्ती यावी लागली. मुंबई प्रांताच्या त्या कायद्याखालीच चाललेल्या एका दाम्पत्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये त्यागाची जी व्याख्या केली, ती आजही प्रमाण मानली जाते. प्रत्यक्ष वेगळे राहणे आणि सहजीवन कायमचे संपवण्याचा इरादा, या दोन्ही गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. त्या खटल्यात पतीचा दावा फेटाळला गेला, कारण परत येण्याची पत्नीची तयारी होती. त्यामुळे कामासाठी दूर राहणे, आजारपणामुळे माहेरी असणे किंवा तुरुंगात असणे म्हणजे त्याग नव्हे. तसेच मारहाणीमुळे घराबाहेर पडलेल्या पत्नीवर पती त्यागाचा आरोप करू शकत नाही. अशा वेळी कायद्याच्या दृष्टीने त्याग करणारा तोच ठरू शकतो.

सात वर्षांचे गणित

सात वर्षांची मुदत पुराव्याच्या कायद्यातून आली आहे. सात वर्षे वार्ता नसलेली व्यक्ती जिवंत आहे, असे जो म्हणतो त्यानेच ते सिद्ध करावे, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १०८ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तो कलम १११ मध्ये आहे. हे अनुमान न्यायालयापुढे प्रश्न आल्यावरच निघते. दिनदर्शिकेवर सात वर्षे पूर्ण झाली म्हणून रेशनकार्डावरचे नाव बदलत नाही की विवाहही संपत नाही.

मुदत असण्याचे महत्त्व मराठी माणसाला इतिहासातून समजावे. पानिपतच्या रणांगणावर १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ दिसेनासे झाले. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. पुढे भाऊ म्हणून एक तोतया उभा राहिला, त्याची चौकशी होऊन १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला, आणि पार्वतीबाई १७८३ मध्ये निधन पावेपर्यंत सौभाग्यवतीच राहिल्या. जुन्या धर्मशास्त्रांनीही या अवस्थेचा विचार केलेला होता. पराशरस्मृतीत पती नाहीसा होणे ही स्त्रीला दुसरा विवाह करता येईल अशा पाच आपत्तींपैकी एक मानली आहे. विधवाविवाहाच्या चळवळीत ईश्वरचंद्र विद्यासागरांनी त्याच वचनाचा आधार घेतला होता. नारदस्मृतीने तर वाट पाहण्याची वर्षेही ठरवून दिली आहेत.

सात वर्षे ही मुदत लांब वाटली तरी ती अगदीच अनाठायी नाही, हे शिर्डीतील एका प्रकरणाने दाखवून दिले. मध्य प्रदेशातून साईदर्शनाला आलेल्या एका भाविकाची पत्नी ऑगस्ट २०१७ मध्ये शिर्डीत बेपत्ता झाली. पतीने मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात धाव घेतली. शिर्डीतून वर्षभरात ८८ जण बेपत्ता झाल्याची दखल घेऊन खंडपीठाने २०१९ मध्ये मानवी तस्करीच्या अंगानेही तपास करण्याचे आदेश नगर पोलिसांना दिले. डिसेंबर २०२० मध्ये, तीन वर्षांहून अधिक काळानंतर, ती महिला इंदूरमध्ये सुखरूप सापडली.

या प्रकरणातून अर्जदारांनी घ्यायची गोष्ट म्हणजे पोलीस ठाण्यातील नोंद. जोडीदार खरोखरच नाहीसा झाला असेल, तर ‘मिसिंग’ची तक्रार त्याच आठवड्यात करावी. तिची प्रत, पुढील तपासाची पत्रे आणि शेवटी ‘शोध लागला नाही’ असा पोलिसांचा अहवाल, हे कागद सात वर्षांनंतर अर्जाचा कणा ठरतात. लोकलज्जेस्तव तक्रार न करणारी कुटुंबे पुढे पुराव्याअभावी अडचणीत येतात. तक्रार नसली तर अर्ज फेटाळलाच जातो असे नाही. परंतु साक्षीदारांवरची भिस्त वाढते.

घटस्फोट घ्यावा की मृत्यूची घोषणा मागावी?

घाईत अर्ज करताना या प्रश्नाकडे हमखास दुर्लक्ष होते. घटस्फोट झाला की पती-पत्नीचे नाते संपते आणि त्याबरोबर वारसाहक्कही संपतो. पती बेपत्ता होऊन सात वर्षे झाली आहेत, त्याच्या नावावर जमीन, विमा किंवा भविष्य निर्वाह निधी आहे आणि तो हयात नसण्याचीच शक्यता अधिक आहे, अशा स्थितीत घटस्फोट मागणारी पत्नी विधवा म्हणून मिळणाऱ्या हक्कांवर स्वतःच पाणी सोडते. तेथे दिवाणी न्यायालयात पतीच्या मृत्यूची घोषणा करून मिळण्याचा दावा हा अधिक योग्य मार्ग ठरू शकतो. तो हुकूमनामा मिळाल्यावर मृत्यूची नोंद, वारस नोंद आणि विम्याचा दावा यांचा मार्ग खुला होतो. मुलांचा वारसाहक्क मात्र आईवडिलांच्या घटस्फोटाने जात नाही.

विम्याबाबत एक सावधगिरी. न्यायालय मृत्यूचे अनुमान काढते. तो नेमका कोणत्या तारखेला झाला याचे नाही. आयुर्विमा महामंडळाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हे स्पष्ट केले. माणूस बेपत्ता झाला त्याच दिवशी मरण पावला असे धरून हप्ते थांबवले, तर पॉलिसी बंद पडते आणि दावाही बुडतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या कुटुंबांना निवृत्तिवेतनासाठी सात वर्षे थांबावे लागत नाही. पोलिसांतील नोंद आणि तपास अहवाल यांच्या आधारे ते आधी सुरू होऊ शकते. अशा पत्नीने घटस्फोटाचा अर्ज करण्यापूर्वी कार्यालयाकडून नियमांची लेखी माहिती घेतलेली बरी.

अर्ज कोठे करायचा

विवाह जेथे झाला, दोघे शेवटी जेथे एकत्र राहिले किंवा जाबदार जेथे राहतो, तेथील न्यायालयात अर्ज करता येतो. २००३ च्या दुरुस्तीने पत्नीला आणखी एक सवलत दिली: ती स्वतः सध्या जेथे राहते तेथेही ती अर्ज करू शकते. लग्न सुरतला झाले, संसार भिवंडीत झाला आणि आता ती माहेरी कोपरगावात असेल, तर कोपरगाव ज्या न्यायालयाच्या हद्दीत येते तेथे अर्ज चालतो. पतीला त्यागाच्या कारणासाठी ही सवलत नाही. सात वर्षांच्या कारणासाठी किंवा जाबदार परदेशात असल्यास मात्र पती असो वा पत्नी, अर्जदाराला स्वतःच्या राहत्या ठिकाणी अर्ज करता येतो. कौटुंबिक न्यायालय असेल तेथे अर्ज त्या न्यायालयात जातो, अन्यत्र दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या चौदा तालुक्यांच्या जिल्ह्यात जवळचे न्यायालय मिळणे ही किरकोळ बाब नाही. अकोल्याच्या डोंगराळ भागातून नगरला तारखेला येणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवणे होय. विवाहाला एक वर्ष झाल्याशिवाय सहसा अर्ज घेतला जात नाही, पण या प्रकरणांत ती अडचण येत नाही.

समन्स: सर्वांत नाजूक टप्पा

या प्रकरणांचे भवितव्य समन्सच्या टप्प्यावर ठरते. जाबदाराला आपल्याविरुद्धच्या अर्जाची माहिती मिळणे, हा त्याचा मूलभूत हक्क आहे. तो सापडत नाही म्हणून तो हक्क नाहीसा होत नाही. त्यामुळे न्यायालय आधी नेहमीचे मार्ग वापरून पाहते. शेवटच्या माहीत असलेल्या पत्त्यावर बेलिफ जातो, नोंदणीकृत टपाल पाठवले जाते. बेलिफाचा ‘सदर इसम पत्त्यावर राहत नाही’ असा अहवाल आणि टपालाचा ‘पत्ता सोडून गेले’ या शेऱ्यासह परत आलेला लिफाफा, हे दोन्ही जपून ठेवायचे कागद आहेत. ज्याच्याकडे लोक निराशेने पाहतात, तो परत आलेला लिफाफाच पुढच्या पायरीचे तिकीट असतो.

त्यानंतर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५, नियम २० खाली पर्यायी बजावणीसाठी अर्ज करावा लागतो. जाबदार बजावणी टाळण्यासाठी दडून राहत आहे किंवा अन्य कारणाने नेहमीच्या मार्गाने समन्स बजावणे शक्य नाही, अशी न्यायालयाची खात्री पटवावी लागते. त्यासाठीच्या प्रतिज्ञापत्रात शोधाचा तपशील असावा: कोणत्या नातेवाइकाला केव्हा विचारले, त्याने काय सांगितले, शेवटच्या नोकरीच्या ठिकाणी काय उत्तर मिळाले, मतदार यादीत नाव कोणत्या गावात आहे. ग्रामीण भागात आणखी एक जागा तपासण्यासारखी आहे. पतीच्या नावावर शेती असेल तर सातबारा आणि अलीकडचे फेरफार पाहावेत. ‘बेपत्ता’ माणसाने मध्यंतरी वाटणीपत्रावर सही केल्याचे अशा ठिकाणी उघड होऊ शकते.

न्यायालयाने परवानगी दिली की समन्सची प्रत न्यायालयाच्या इमारतीत आणि जाबदाराच्या शेवटच्या ज्ञात घरावर ठळक जागी लावली जाते किंवा न्यायालय ठरवील त्या अन्य रीतीने बजावणी होते. वृत्तपत्रात जाहीर समन्स द्यायचे असेल तर ते दैनिक जाबदार शेवटी जेथे राहत होता वा काम करत होता, त्या भागात खपणारे असावे लागते. शेवटचा पत्ता घाटकोपरचा असताना जाहिरात फक्त नगरच्या स्थानिक पत्रात छापली, तर पुढे तीच गोष्ट अंगाशी येऊ शकते. नागपूरच्या एका मालमत्तेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये पर्यायी बजावणी नियमांनुसार झालेली नसल्याने एकतर्फी हुकूमनामा रद्द ठरवला. विषय जमिनीचा असला तरी तत्त्व येथेही लागू पडते. वृत्तपत्रातून स्वतःच छापलेल्या ‘माझा अमुकशी संबंध राहिलेला नाही’ अशा जाहीर नोटिशीला मात्र घटस्फोट म्हणून काडीचीही किंमत नाही. वकिलाच्या सहीने छापली तरी नाही.

पत्ता नाही पण मोबाइल क्रमांक चालू आहे, अशी स्थिती अलीकडे वरचेवर आढळते. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१८ मध्ये एका बँक कार्डाच्या थकबाकीच्या प्रकरणात व्हॉट्सअॅपवर पाठवलेली नोटीस पोहोचल्याचे आणि उघडून वाचल्याचे निळ्या खुणांवरून मान्य केले. करोनाकाळात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ई-मेल व व्हॉट्सअॅपद्वारे बजावणीला वाट करून दिली. त्यामुळे असा क्रमांक असेल तर तो न्यायालयापासून लपवू नये. ‘आधारवरून पत्ता काढून द्या’ अशी मागणी मात्र सहजी मान्य होत नाही. कायद्याने त्यासाठी उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचा आदेश लागतो, आणि विवाहाच्या नात्याने जोडीदाराच्या आधार तपशिलावर आपोआप हक्क मिळत नाही, असे कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटले आहे. जाबदार परदेशात असून तेथील पत्ता माहीत असेल, तर जाहिरातीचा मार्ग आधी धरता येत नाही. भारत ज्यात २००६ मध्ये सामील झाला त्या हेग करारानुसार सदस्य देशांत केंद्रीय विधी मंत्रालयामार्फत समन्स पाठवले जाते.

एकतर्फी म्हणजे आपोआप नव्हे

बजावणी पूर्ण होऊनही जाबदार हजर झाला नाही, तर प्रकरण एकतर्फी चालवण्याचा आदेश होतो. येथे अनेक अर्जदार निर्धास्त होतात. वास्तविक हिंदू विवाह कायद्याचे कलम २३ स्पष्ट सांगते की, अर्जाला विरोध झालेला असो वा नसो, कारण सिद्ध झाल्याची न्यायालयाची खात्री झाली पाहिजे. अर्जदार स्वतःच्या चुकीचा फायदा घेत नाही ना, दोघांनी संगनमत केलेले नाही ना आणि विनाकारण विलंब झालेला नाही ना, हेही पाहिले जाते. म्हणून अर्जदाराचे सरतपासाचे प्रतिज्ञापत्र, विवाहाचा पुरावा (नोंदणी दाखला नसेल तर पत्रिका, छायाचित्रे, लग्न लावणाऱ्याची साक्ष) आणि किमान एका स्वतंत्र साक्षीदाराची तयारी ठेवावी. सात वर्षांच्या कारणासाठी बेपत्ता व्यक्तीच्या रक्ताच्या नातेवाइकाची साक्ष सर्वांत मोलाची. सासू किंवा दीर सुनेच्या बाजूने साक्षीला उभे राहिल्यास प्रकरणाला बळ मिळते, हे सांगण्याची गरज नाही. तसे घडणे किती कठीण असते, हेही सांगण्याची गरज नाही.

समन्सची बजावणी झाल्यापासून सहा महिन्यांत प्रकरण निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात बजावणीतच बराच काळ जातो.

बेपत्ता जोडीदार परत आला तर?

एकतर्फी हुकूमनामा रद्द करून घेण्यासाठी जाबदार आदेश ९, नियम १३ खाली अर्ज करू शकतो. समन्स रीतसर बजावलेले नव्हते किंवा हजर न राहण्यास पुरेसे कारण होते, हे त्याने दाखवायचे असते. मुदत ३० दिवसांची. पण हे ३० दिवस केव्हापासून मोजायचे, यातच सारी मेख आहे. मुदत कायद्याच्या अनुच्छेद १२३ नुसार समन्स रीतसर बजावलेले असेल तर हुकूमनाम्याच्या तारखेपासून, नसेल तर हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून. आणि या अनुच्छेदापुरती नियम २० खालील पर्यायी बजावणी ही ‘रीतसर बजावणी’ मानली जात नाही. म्हणजेच जाहीर समन्सच्या आधारे मिळालेल्या घटस्फोटाला आव्हान देण्याची मुदत, जोडीदाराला तो कळेल तेव्हापासून सुरू होते, मग मध्ये चार वर्षे गेलेली असोत.

ही तरतूद जाचक वाटली तरी तिचे प्रयोजन ओळखले पाहिजे. पत्नी माहेरी राहत असल्याचे ठाऊक असूनही अर्जात जुना पत्ता द्यायचा, लिफाफा परत आणवायचा, कोणी वाचत नाही अशा पत्रात कोपऱ्यात जाहिरात छापायची आणि तिच्या नकळत घटस्फोट पदरात पाडून घ्यायचा, अशा लबाडीपासून हीच तरतूद स्त्रीला वाचवते. फसवून मिळवलेला हुकूमनामा कधीही कोसळू शकतो आणि खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल फौजदारी कारवाईही होऊ शकते. उलट ज्याने शोध प्रामाणिकपणे घेतला आणि त्याचा कागद न कागद दाखल केला, त्याला फारसे भय नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये एका प्रकरणात समन्स घेण्यास नकार देऊन, जाहिरातीनंतरही गैरहजर राहून, काही वर्षांनी हुकूमनामा रद्द करायला आलेल्या पत्नीची मागणी फेटाळली. पतीने दरम्यान दुसरा विवाह केलेला होता.

पुनर्विवाहासाठी अपिलाची मुदत संपेपर्यंत थांबणे बंधनकारक आहे. ही मुदत पूर्वी ३० दिवस होती. २००३ च्या दुरुस्तीने ती ९० दिवस झाली. एकतर्फी हुकूमनाम्यानंतर आणखी काही काळ थांबण्याचा सल्ला दिला जातो तो वर सांगितलेल्या कारणामुळे. हुकूमनाम्याशिवायच दुसरे लग्न करणाऱ्यांचा आधार वेगळा असतो. सात वर्षे वार्ता नसलेल्या जोडीदाराच्या पश्चात, नव्या जोडीदाराला सर्व सांगून केलेला विवाह द्विभार्या-द्विपती प्रतिबंधाच्या गुन्ह्यातून (आता भारतीय न्याय संहितेचे कलम ८२) वगळला आहे. पण हा अपवाद केवळ शिक्षेपासून वाचवतो. पहिला जोडीदार जिवंत निघाला तर दुसरा विवाह अवैधच ठरतो.

मुस्लिम, ख्रिस्ती आणि इतर

या विषयावरची सर्वांत विचारपूर्वक केलेली तरतूद हिंदू कायद्यात नसून मुस्लिम विवाहविच्छेद कायदा, १९३९ मध्ये आहे. हनफी परंपरेत बेपत्ता पतीच्या पत्नीला जवळजवळ अंत नसलेली वाट पाहावी लागे. त्यावर उपाय म्हणून उलेमांनीच मालिकी पंथातील चार वर्षांच्या मर्यादेचा आधार घेतला आणि ती कायद्यात आली. पतीचा ठावठिकाणा चार वर्षे माहीत नसेल, तर पत्नी विवाहविच्छेद मागू शकते. पती आज मरण पावला असता तर त्याचे वारस कोण ठरले असते, त्यांची नावे-पत्ते दाव्यात द्यावी लागतात आणि त्यांना नोटीस निघते. चुलता आणि भाऊ वारस नसले तरी त्यांना पक्षकार करावे लागते. म्हणजे ज्यांना ठावठिकाणा माहीत असण्याची शक्यता आहे, त्यांनाच न्यायालय बोलावते. हुकूमनामा झाल्यावरही तो सहा महिने अमलात येत नाही. त्या काळात पती परतला आणि संसाराची जबाबदारी घेण्याची तयारी त्याने न्यायालयाला पटवून दिली, तर हुकूमनामा रद्द होतो. पती हयात असून केवळ खर्च देत नसेल, तर दोन वर्षे पोटगी न दिल्याचे वेगळे कारणही याच कायद्यात आहे.

अमेरिकन मराठी मिशनच्या १८३१ पासूनच्या कार्यामुळे नगर जिल्ह्यात ख्रिस्ती समाज मोठा आहे. त्यांना लागू असलेल्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात २००१ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांचा त्याग आणि सात वर्षांची अनुपस्थिती ही दोन्ही कारणे पती-पत्नी दोघांनाही उपलब्ध झाली. नोंदणी पद्धतीने विवाह केलेल्यांसाठी विशेष विवाह कायदा, १९५४ मध्येही हीच दोन कारणे आहेत.

खर्च, पोटगी आणि दाखले

पत्नीला घटस्फोट व पोटगीच्या प्रकरणांत न्यायालयीन शुल्क भरावे लागत नाही. राज्य शासनाच्या १९९४ च्या अधिसूचनेने ते माफ केलेले आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा न्यायालयातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्यावा लागतो. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते. जाहीर समन्सच्या जाहिरातीचा खर्च हा गरीब अर्जदाराला जड जाणारा भाग असतो. वकील मागतानाच त्याचाही उल्लेख अर्जात करावा.

पोटगीचा अर्ज घटस्फोटासाठी थांबवून ठेवू नये. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालील (पूर्वीचे कलम १२५) अर्जात, पती बजावणी हेतुपुरस्सर टाळत असल्यास एकतर्फी आदेश होऊ शकतो. पुढे त्याची मिळकत किंवा नोकरी सापडली, तर वसुलीला आधार राहतो. संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि २०२४ मध्ये सुरू झालेली लाडकी बहीण योजना यांच्या नियमांत अनुक्रमे पोटगी न मिळालेल्या घटस्फोटिता आणि परित्यक्ता यांचा उल्लेख आहे. तेथे कोणता पुरावा चालतो, हे तहसील कार्यालयात आधी विचारून घ्यावे.

हुकूमनामा झाल्यावर त्याच्या किमान तीन-चार प्रमाणित प्रती एकदमच काढून घ्याव्यात. रेशनकार्ड, मुलांच्या शाळेतील नोंदी, पासपोर्ट, बँक आणि पुनर्विवाहाची नोंदणी, प्रत्येक ठिकाणी ती मागितली जाते. झेरॉक्सवर काम भागत नाही.